वेळासच्या वाळूवर

मुलांनो, कासव म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? ससा आणि कासवाची शर्यत! हळूहळू चालणारं, पण शेवटी जिंकणारं कासव. पण काडेपेटीएवढं कासव लुटुलुटु पळताना पाहिलंय का कधी? मी पाहिलं, कोकणात वेळासला. आणि ते पाहता पाहता मला माझ्या लेकीबद्दल एक गोष्ट कळली, जी तिला दहा वर्षं वाढवताना कळली नव्हती. आज तुम्हांला वेळासची सहल घडवायची आहेच, पण त्याबरोबर ती गोष्टही सांगणार आहे.

आधी आमचं भांडण सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

माझ्या मुलीला आम्ही घरात चिऊ म्हणतो. शाळेतलं नाव मोठं आहे, पण ते छापलं तर ती रागावेल. वय वर्षं दहा, इयत्ता पाचवी. शाळा घरापासून दीड किलोमीटरवर. फेब्रुवारीत एकदा जेवताना ती म्हणाली, ''बाबा, सोमवारपासून मी सायकलनं शाळेत जाणार. एकटी.''

''नको,'' मी म्हणालो.

''का?''

''रस्त्यावर फार गर्दी असते.''

''दादा पाचवीत सायकलनंच जायचा. तेव्हा नव्हती गर्दी?''

दादा समोरच वरणभात कालवत बसला होता. तो फिस्सकन हसला. चिऊची आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ''तेव्हा एवढी नव्हती,'' मी कसंबसं म्हणालो. दादा तिच्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा आहे. चार वर्षांत गर्दी वाढते हे खरं, पण शाळा तीच, रस्ता तोच आणि चौकही तोच. चिऊनं पोळी संपवली, ताट उचललं आणि पुढचे पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. ''बाबा, सही.'' ''बाबा, वहीचे पैसे.'' बस्स!

मार्चच्या शेवटी जोडून सुट्ट्या आल्या. दादाची परीक्षा होती, म्हणून तो आणि आई घरीच राहणार होते. मी चिऊला विचारलं, ''कासवांची पिल्लं बघायला येतेस?'' रुसवा तसा पक्का होता, पण कासवांपुढे तो टिकला नाही. तिनं लगेच पिशवी भरायला घेतली.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं समुद्रकाठचं छोटंसं गाव. आम्ही पहाटे पुण्याहून निघालो, ताम्हिणी घाट उतरून माणगाव गाठलं आणि मग म्हसळ्यावरून बागमांडल्याला आलो. इथे रस्ता संपतो आणि समोर येते बाणकोटची खाडी. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. खाडी ओलांडायला मोठी फेरीबोट आहे. माणसं, मोटारी, फटफट्या, मासळीच्या टोपल्या, सगळे एकाच बोटीतून पलीकडे वेसवीला उतरतात. चिऊ धावत कठड्यापाशी गेली. मी मागोमाग जाऊन तिचा दंड धरला.

''बाबा, मी काय पडणार आहे का?''

मी दंड सोडला नाही. त्याला एक कारण होतं. महाबळेश्वरचा 'आर्थर सीट' पॉइंट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. ज्या आर्थर मॅलेट साहेबाच्या नावानं तो ओळखला जातो, त्याची बायको आणि तान्ही मुलगी याच खाडीत बुडाल्या, असं इकडे सांगतात. मग म्हणे तो साहेब त्या कड्यावर बसून सावित्रीच्या खोऱ्याकडे तासन्‌तास बघत राहायचा. ही गोष्ट मी चिऊला सांगितली नाही. पण बोट हलली आणि ती माझ्या डोक्यात घोळू लागली. बापांच्या डोक्यात अशा गोष्टी घर करून असतात. तुम्ही नुसते कठड्याशी उभे असता आणि तुमचे बाबा मनातल्या मनात तुम्हांला तीनदा बुडताना बघत असतात!

वेसवीला उतरलं की बाणकोटचा किल्ला लागतो. याचं एक नाव हिंमतगड. इंग्रजांनी तो घेतल्यावर त्याला 'फोर्ट व्हिक्टोरिया' म्हणायला सुरुवात केली. तिथून समुद्राच्या कडेकडेनं पुढे गेलं की आलंच वेळास. माडा-पोफळींच्या वाड्या, जांभ्या दगडाचे गडगे, शेणानं सारवलेली अंगणं. इतिहासाच्या पुस्तकात नाना फडणवीस तुम्ही वाचले असतील, पेशवाईतले हुशार कारभारी. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव हेच.

गावात हॉटेलं शोधू नका. कासवांच्या दिवसांत गावकरी आपल्या घरातच पाहुण्यांची सोय करतात. आम्ही ज्या काकूंकडे उतरलो, त्यांनी तांदळाची भाकरी, ओल्या काजूंची उसळ आणि सोलकढी असा बेत केला होता. चिऊनं तीन वाट्या सोलकढी प्यायली आणि काकूंशी तिची गट्टी जमली. काकूंशी ती भरभरून बोलत होती, आणि मी शेजारी बसून ऐकत होतो.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. गावापासून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. वाळूत जाळीचं कुंपण घातलेली एक चौकोनी जागा होती आणि आत ओळीनं टोपल्या पालथ्या घातल्या होत्या. कुंपणाशी एक गृहस्थ उभे होते. त्यांना इथे 'कासवमित्र' म्हणतात. त्यांनी आम्हांला जी माहिती दिली, ती ऐका.

या कासवाचं नाव ऑलिव्ह रिडले. मोठी मादी साधारण दोन फूट लांब आणि पस्तीस-चाळीस किलो वजनाची असते. थंडीच्या दिवसांत ती रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी दीड फूट खोल खड्डा खणते आणि त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. अंडी टेबलटेनिसच्या चेंडूसारखी गोल आणि पांढरी असतात, पण कवच मऊ. मग वाळू लोटून ती खड्डा बुजवते, अंगानं थोपटून सारखा करते आणि समुद्रात निघून जाते. परत मागे वळून बघत नाही. अंडी उबवण्याचं काम वाळूची ऊब करते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात.

पूर्वी ही अंडी कुत्री आणि कोल्हे उकरून खायचे, माणसंही चोरून न्यायची. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे काम सुरू केलं. पहाटे किनारा धुंडाळायचा, मादीच्या पावलांचा माग काढायचा, अंडी अलगद उचलून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची आणि राखण करायची. बघा हं, ज्या गावातून अंडी चोरीला जात होती, त्याच गावातली माणसं राखणदार झाली. ऑलिव्ह रिडलेला आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघाइतकंच संरक्षण आहे.

आता सगळ्यांत गमतीची गोष्ट. पिल्लू नर होणार की मादी, हे ठरवतं कोण? वाळू! वाळू जास्त तापलेली असली की माद्या जास्त निपजतात आणि थोडी थंड असली की नर जास्त.

''मग यातली मुली कुठल्या आणि मुलगे कुठले?'' चिऊनं विचारलं.

''ते आता नाय कळत, बाय,'' कासवमित्र म्हणाले. ''पिल्लू बाहेरून बघून कुणालाच ओळखू येत नाय. सगळी सारखीच दिसतात.''

''मग सोडताना?''

''सोडताना काय? सगळ्यांना एकाच वाळूत सोडायचं.''

चिऊ माझ्याकडे वळली. काही बोलली नाही. पण तिला काय म्हणायचं होतं, ते मला कळलं आणि मी उगाचच समुद्राकडे बघू लागलो.

कासवमित्रांनी एकेक टोपली उचलली. खाली नुसती वाळू. एकही पिल्लू नाही! आमच्यासारखी आलेली पन्नाससाठ माणसं हिरमुसली. ''अंडी काय आपल्या घड्याळावर चालत नाहीत,'' ते म्हणाले, ''उद्या सकाळी या.''

रात्री काकूंच्या पडवीत आम्ही चटई टाकून झोपलो. लांबून समुद्राची गाज ऐकू येत होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच चिऊ माझ्याशी आपणहून बोलली.

''बाबा, पिल्लांची आई आत्ता कुठे असेल?''

''खोल समुद्रात.''

''आणि बाबा?''

''तोही समुद्रात. नर एकदा पाण्यात शिरला की बहुधा पुन्हा जमिनीवर येतच नाही.''

''म्हणजे पिल्लांची काळजी करायला कुणीच नाही?''

''कुणीच नाही.''

ती थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटलं, बिचारीला वाईट वाटलं असेल. तेवढ्यात अंधारातून आवाज आला, ''मज्जा आहे त्यांची!''

सकाळी पावणेसातला आम्ही पुन्हा किनाऱ्यावर. पूर्वेला डोंगरामागे उजाडत होतं. कासवमित्रांनी तिसरी टोपली उचलली आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम 'अगं बाई!' निघालं. वाळूतून करड्या-काळ्या रंगाची पिल्लं एकावर एक चढत वर येत होती. आधी इवलंसं डोकं, मग वल्ह्यासारखा एक पाय, मग दुसरा. सत्तावीस मोजली आम्ही. त्यांना एका पाटीत घेऊन पाण्यापासून वीसेक पावलांवर ठेवलं. दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधून मधे मोकळी वाट ठेवली होती. लोकांनी दोरीच्या बाहेरच राहायचं, हात लावायचा नाही, बॅटरी किंवा फ्लॅश मारायचा नाही.

बॅटरी का नाही? कारण पिल्लं उजेडाच्या दिशेनं चालतात. अंधारात समुद्राकडचं आकाश अधिक उजळ दिसतं, तिकडे ती जातात. किनाऱ्यावर दिवे लावले तर फसतात आणि समुद्र सोडून रस्त्याकडे वळतात.

मग पाण्याशीच नेऊन का नाही सोडत? हा प्रश्न चिऊनंही विचारला. ही वीस पावलं पिल्लानं स्वतः चालायची असतात. या चालण्यातूनच त्याला आपला किनारा ओळखीचा होत असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं. दहा-पंधरा वर्षांनी मोठी झालेली मादी अंडी घालायला बहुतेक वेळा आपल्या जन्माच्या भागातच परत येते. आपण प्रेमानं उचलून नेलं, तर तिची ही ओळख चुकायची.

पिल्लं निघाली. काय त्यांची लगबग! चार पावलं पळायचं, थांबायचं, मान वर करून बघायचं, पुन्हा पळायचं. पहिली लाट आली आणि पाचसहा पिल्लांना घेऊन गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी लाट जरा जोरात आली. तिनं एका पिल्लाला उचललं आणि तिरकं फेकून दिलं, ते दोरीच्या बाहेर, जिथून आम्ही सगळे चालत आलो होतो तिथे. ते धडपडत निघालं आणि एका पावलाच्या खड्ड्यात पडलं. ओल्या वाळूत उमटलेलं, चांगलं खोल, मोठ्या माणसाचं अनवाणी पाऊल. पिल्लाला ती विहीरच!

ते टाचेच्या बाजूनं वर चढायचं आणि घसरून उलटं पडायचं. चिऊ खाली वाकली, हात पुढे केला. ''उचलू नको गो, बाय!'' कासवमित्र ओरडले. ते जवळ आले, उकिडवे बसले आणि म्हणाले, ''जरा थांब. जमेल त्याला. नाय जमलं तर मी आहे ना.''

आम्ही थांबलो. पिल्लू पुन्हा चढलं, पुन्हा पडलं. माझाच जीव खालीवर व्हायला लागला. मी म्हणालो, ''अहो, एवढंसं आहे, द्या ना एक हात.'' ते नुसते हसले. दुसऱ्या बाजूला एक कुत्रं हुंगत येत होतं. ते मात्र त्यांनी ताबडतोब उठून हाकललं आणि परत येऊन बसले.

''बाबा,'' चिऊ हळूच म्हणाली, ''हा पाय तुझा आहे.''

मी बघितलं. खरंच की! अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, तशी आमच्या घराण्याची खूण आहे. आम्ही दोघं इथूनच आलो होतो. शेजारी तिची छोटी पावलं होती, उथळ. त्यांत कुणी अडकलं नसतं. अडकलं ते माझ्या पावलात.

तुम्हांला सांगतो, त्या वेळी मी काहीच बोलू शकलो नाही.

चार-पाच मिनिटं गेली असतील. पिल्लानं टाचेची बाजू सोडली, बोटांच्या बाजूला वळलं. तिथे वाळू जरा ढासळली होती. पुढचे दोन पाय रोवून त्यानं अंग वर ढकललं आणि बाहेर आलं! क्षणभर थांबलं, मान उचलली आणि सरळ पाण्याकडे सुटलं. पुढच्या लाटेत ते दिसेनासं झालं. चिऊनं टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसता मोठा श्वास सोडला, इतका मोठा की जणू इतका वेळ तीच त्या खड्ड्यात होती.

''वाचेल ना ते?'' तिनं विचारलं.

कासवमित्रांनी खोटं सांगितलं नाही. ''मासे आहेत, पक्षी आहेत, जाळी आहेत. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. म्हणून तर आपण जास्तीत जास्त सोडायची.''

वाळू झटकत ते उठले, रिकामी पाटी घेतली आणि पुढच्या टोपलीकडे गेले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. महिना-दोन महिने या माणसानं अंडी राखली. कुत्री हाकलली, चोर येऊ दिले नाहीत, खोटे दिवे लावू दिले नाहीत. इतकी राखण करून शेवटच्या वीस पावलांना मात्र बाजूला उभं राहायचं! मला राखण करता येत होती. बाजूला उभं राहणं मात्र फक्त दादाच्या वेळी जमलं होतं. चिऊच्या वेळी मी वाटेतच उभा होतो. ती लहान म्हणून नाही, ती मुलगी म्हणून. गर्दीचं मी निमित्त केलं होतं. रस्त्यावर भीती नसतेच असं नाही, असते. पण त्यासाठी रस्ता सुधारायचा, तिला ब्रेक आणि वळण शिकवायचं, की तिलाच घरात ठेवायचं?

परत निघताना लक्षात आलं की माझा चष्मा काकूंकडे राहिलाय. मी म्हणालो, ''चिऊ, तू हो पुढे, काकूंकडून चष्मा काढून ठेव. मी मागून येतो.''

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. ''एकटी?''

''वाट माहीत आहे ना?''

''आहे की!''

ती निघाली. सुरूच्या झाडांपर्यंत चालत गेली आणि तिथून पळत सुटली. मी वाळूत बसून राहिलो. दहा मिनिटं थांबायचं ठरवलं होतं. खरं सांगतो, सहाच थांबलो. भराभर चालत गेलो, तर बाईसाहेब काकूंच्या ओट्यावर बसून आंबोळ्या खात होत्या. नाकावर माझा चष्मा! ''किती उशीर, बाबा!'' ती म्हणाली. त्या एका वाक्यात आमचा रुसवा संपला.

आता ती सायकलनं शाळेत जाते. त्याआधी दोन रविवार आम्ही दोघांनी तो रस्ता सायकलवरून पालथा घातला. कुठे थांबायचं, हात कसा दाखवायचा, चौकात उतरून सायकल हातात कशी धरायची, सगळं ठरवलं. अडचण आली तर कुठल्या दुकानात शिरायचं, तेही. पहिले चार दिवस मी स्कूटरवरून लांबून तिच्या मागे गेलो. आपण कुणाला दिसत नाही, असं मला वाटत होतं. पाचव्या दिवशी निघताना ती म्हणाली, ''बाबा, आज नाही आलास तरी चालेल.'' मी गॅलरीत उभा राहिलो. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत होतो. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पाहू नयेच. सायकल चालवताना समोर बघायचं असतं.

जाता जाता आणखी एक गोष्ट. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर आलेल्या एका मादीच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं यंत्र बसवलं. पश्चिम किनाऱ्यावरची अशी ही पहिली, म्हणून तिचं नाव 'प्रथमा'. आणि २०२१ मध्ये तिकडे पूर्वेला, ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत चक्क आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली! कुठे ओडिशा आणि कुठे गुहागर! चिऊला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ''तिनं कुणाला विचारलं नसेल.'' मी म्हणालो, ''पोचल्यावर कळवलं असतं तरी पुरे होतं.'' ती म्हणाली, ''मी कळवत जाईन.''

मग दोस्तांनो, वेळासला जाणार ना? मार्च-एप्रिलमध्ये जा. दोरीच्या अलीकडे उभे राहा, पिल्लांना हात लावू नका. एखाद्या दिवशी टोपली रिकामी निघाली तर चिडू नका, आणि किनाऱ्यावर कचरा टाकू नका. बाबांनाही बरोबर न्या बरं का. आणि वाळूतून परत येताना मागे वळून बघा. आपल्या पावलांचे खड्डे पडले असतील, तर पायानं सारखे करून या. आम्ही दोघांनी निघण्याआधी तेच केलं.